म्हशीच्या सडांवर फोड आणि आता आमच्या हातांवरही. लम्पी माणसाला होतो का?

गोठा_करवीर

नमस्कार. आम्ही कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातले, घरचा म्हशींचा गोठा आहे. धारा मी आणि माझी थोरली जाऊ काढतो. प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहिते.

दिवाळीनंतर घरच्यांनी बाजारातून एक मुऱ्हा म्हैस आणली. दुसऱ्या वेताची, खाली रेडकू. आणली तेव्हाच तिच्या मागच्या डाव्या सडावर खपली होती. विकणारा म्हणाला, "रेडकाचा दात लागलाय, आठवड्यात बरं होतंय." खपली खरंच पडली. पण त्यानंतर आमच्या चंद्रीच्या सडांवर पुरळ उठलं. चंद्री पंढरपुरी आहे, घरचीच पैदास. मग तिच्या शेजारी दावणीला असलेल्या म्हशीलाही तेच. आधी लाल ठिपका, मग पुळी, मग पाण्यानं भरलेला फोड आणि त्याच्या मधोमध खड्डा. फुटला की आतलं ओलं मांस दिसतं आणि वर तपकिरी खपली धरते. चंद्रीनं आजवर कधी पाय उचलला नव्हता, ती आता कासेला हात लागला की बादली उडवते. दूध निम्म्यावर आलंय आणि तिच्या एका सडातून गाठी येताहेत. नव्या म्हशीच्या रेडकाच्या ओठांना आणि नाकपुडीपाशी तसेच फोड आहेत.

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात एक फोड आला, मग मनगटावर आणखी दोन. कडेनं लालभडक, मधे खड्डा, आणि ठणका असा की रात्री हात उशाला घेऊन बसावं लागतं. दोन दिवस ताप होता, काखेत अवधाण आलंय. जाऊबाईंच्या बोटांवर तेच. तिचा मुलगा तिसरीत आहे, सारखा रेडकाशी खेळतो. त्याच्या हनुवटीवर एक फोड उठलाय. सासूबाई पहाटेची धार काढतात, त्याच म्हशींची. त्यांना मात्र काहीच नाही!

गावातल्या दवाखान्यात गेलो. इन्फेक्शन आहे म्हणून इंजेक्शन आणि एक मलम दिलं. घरी जनावरं आहेत का, हे विचारलं नाही. गावात कुणी म्हणतं लम्पी माणसात आला, कुणी म्हणतं टीव्हीवर दाखवतात तो मंकीपॉक्स. शेजारणीनं आमच्याकडचं दूध बंद केलं.

डेअरीला दूध घालायचं का? पोराला शाळेत पाठवू का? मामंजींना रोज धारोष्ण दूध लागतं, ते ऐकायला तयार नाहीत. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

केळीवाला_रावेर

ताई, लम्पी आम्ही जवळून बघितलाय. 2022 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातली ती मोठी साथ आमच्या रावेर तालुक्यातूनच सुरू झाली. त्यात पूर्ण अंगावर, मानेवर, पाठीवर, पायांवर टणक गाठी येतात, जोराचा ताप असतो, पायाला सूज येते, जनावर खाणं सोडतं. आणि त्याचा मार गाईबैलांना जास्त बसला, म्हशींना फारच कमी. आमच्या घरात तेव्हा सगळ्यांनी आजारी बैलांची सेवा केली, कुणाच्याही हाताला काही झालं नाही. तुम्ही सांगताय ते नुसतं सडांवर आणि रेडकाच्या तोंडावर आहे. हे दुसरं काहीतरी आहे. लम्पी म्हणून गोठ्याची बदनामी होऊ देऊ नका.

निवृत्त_पशुवैद्य_सोलापूर

ताई, वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. लम्पी माणसाला होत नाही. तुमच्या वर्णनावरून ही म्हशीची देवी दिसते आहे, आणि ती माणसाला होते. नोकरीची सगळी वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांमध्ये काढली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. म्हशीच्या देवीचा विषाणू 1934 मध्ये लाहोरला पहिल्यांदा वेगळा केला गेला. महाराष्ट्रात 1985 ते 87 आणि पुन्हा 1992 ते 96 या काळात साथी आल्या, त्यांचे नमुने तपासले गेले. 2009 मध्ये तर आपल्याच सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशी आणि माणसं दोघांतही साथ होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, तिचा तपास केला. तुमचंच पाणी, तुमचाच चारा असलेल्या भागात हे घडलंय. तरीही दर वेळी गोठ्यातला माणूस हातावर फोड घेऊन दवाखान्यात जातो आणि म्हशीचा विषयच निघत नाही. ही गोष्ट मला फार लागते. जनावराचा डॉक्टर सडाला मलम लावून निघून जातो, माणसाचा डॉक्टर हाताला मलम लावून पुढचा पेशंट बोलावतो, आणि एकाच विषाणूचे दोन रुग्ण एकाच अंगणात असून दोन्ही डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो. मी गोठ्यात शिरलो की कास बघायच्या आधी धार काढणाऱ्याला हात पुढे करायला सांगायचो. अर्धं निदान तिथेच व्हायचं.

तुमच्या सासूबाईंना काही झालं नाही, हे लिहिलंत ते बरं केलंत. त्यांच्या दंडावर लहानपणी देवी टोचल्याचा वण आहे का बघा. बहुधा असेल. देवीची लस ज्या विषाणूची असते तो व्हॅक्सिनिया, आणि म्हशीच्या देवीचा विषाणू त्याचाच अगदी सख्खा. त्या जुन्या लशीनं मिळालेलं संरक्षण इथेही थोडंफार कामी येतं. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला, 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला, 1980 मध्ये जग. त्यानंतर जन्मलेल्या कुणालाच ती लस टोचलेली नाही. म्हणजे आज धारा काढणारी बहुतेक पिढी या विषाणूपुढे उघडी आहे. तुम्ही, जाऊबाई, आणि ते पोर. सासूबाईंचं संरक्षणही इतक्या वर्षांत उणावलेलं असणार, तेव्हा त्यांना काही होतच नाही असं धरून सगळ्या धारा त्यांच्यावर टाकू नका.

हा विषाणू म्हशींत आला कसा, यावर अभ्यासकांचं एक म्हणणं असं की लसीकरणाच्या काळात टोचलेल्या माणसांकडून व्हॅक्सिनिया जनावरांत गेला आणि तिथेच मुरला. आपल्याकडे ती लस वाढवली जायची तीही रेडकांच्या कातडीवर. बेळगावच्या लस संस्थेत हे काम चालायचं. ब्राझीलमध्येही असंच. तिथे 1999 मध्ये दुभत्या गाईंच्या सडांवर आणि गवळ्यांच्या हातांवर फोड उठले आणि तपासात व्हॅक्सिनियाचाच भाऊबंद निघाला. राजस्थानात 2009 मध्ये उंट राखणाऱ्यांच्या हातांवर उंटाच्या देवीचे फोड आढळले. जिथे जनावराच्या अंगाला रोज उघड्या हातानं स्पर्श होतो तिथे हे होणार, त्यात तुमच्या गोठ्याची घाण वगैरे कुणी काढत असेल तर अजिबात मनावर घेऊ नका.

आता काम सांगतो. आजारी म्हशी दावणीवरून हलवून एका बाजूला बांधा. धार काढताना क्रम पाळा: निरोगी म्हशी आधी, फोडवाल्या सगळ्यात शेवटी. शक्य असेल तर फोडवाल्यांसाठी एकच माणूस ठेवा आणि त्यानं रबरी हातमोजे घालावेत. एका म्हशीवरून दुसरीकडे जाताना साबणानं हात धुवा, नुसतं बादलीत बुचकळून नव्हे. ते एकच पाणी आणि कास पुसायचं ते एकच फडकं अख्ख्या गोठ्यात आजार फिरवतं. दर म्हशीला वेगळं फडकं, आणि ते उकळून वाळवायचं.

सडांना पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं हलक्या हातानं धुवा. जांभळं होईल इतकं टाकू नका, कातडी जळते. कोरडं करून बोरोग्लिसरीन लावा. खपल्या उपटू नका, त्यांच्याखालीच सड बरा होत असतो. आपोआप गळलेल्या खपल्या गोठ्यात झाडून टाकू नका, गोळा करून जाळा. वाळलेल्या खपलीत हा विषाणू दीर्घकाळ जिवंत राहतो, आणि नव्या म्हशीच्या सडावरून "बरी होऊन" पडली ती खपलीच तुमच्याकडे आजार ठेवून गेली असणार. जमिनीला, दावणीला ब्लीचचं द्रावण मारा: घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग. ते सडांना किंवा हातांना लावायचं नाही. दुधाची भांडी उकळत्या पाण्यानं खळखळून धुवा.

चंद्रीच्या सडातून गाठी येतात म्हणजे दगडीची, म्हणजे कासदाहाची, सुरुवात आहे. देवीनं म्हैस सहसा मरत नाही, फोड तीन-चार आठवड्यांत वाळतात, पण दुखतं म्हणून सड पुरता पिळला जात नाही, दूध आत साचतं, त्यात जिवाणू शिरतात आणि सड कायमचा जातो. चार सडांची म्हैस तीन सडांची होते, मग तिला बाजारात कोण विचारतो? खरं नुकसान ते आहे. म्हणून उद्याच जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या हेल्पलाइनला फोन लावा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, दगडीचे उपचार लगेच सुरू करा, आणि तो सड दुखत असला तरी हलकेच पूर्ण रिकामा करत राहा. ते दूध ओतून द्या. डॉक्टरांना खपलीचा नमुना घ्यायला सांगा. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, नमुना तिकडे जातो. आणि डॉक्टर आले की स्वतःचे हात दाखवा, लपवू नका.

रेडकाला थेट पाजू नका. उकळून कोमट केलेलं दूध भांड्यातून द्या. पोराला त्याच्यापासून लांब ठेवा.

डेअरीला निरोगी म्हशींचं दूध घालायला हरकत नाही. फोडवाल्यांचं वेगळं काढा. ज्या सडावर फुटलेला फोड आहे त्या सडाचं दूध कुणाच्याच तोंडी नको. मामंजींबद्दल: गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीखालचं फेसाळतं दूध पिणं ही कोल्हापूरची शान आहे, मी स्वतः प्यालोय. पण ब्राझीलमध्ये बाधित गाईंच्या दुधातही हा विषाणू सापडलाय. मामंजींना म्हणावं, म्हशी बऱ्या होईपर्यंत तरी चांगलं उकळूनच. सुनेचं नसतील ऐकत तर डॉक्टरांचं म्हणून सांगा.

त्वचारोग_मिरज

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, मिरजेकडे ओपीडी असते. साहेबांनी गोठ्याचं सगळं सांगितलं, मी हातांचं सांगते. फोटो न बघता पक्कं निदान करता येत नाही, पण मधोमध खड्डा, ठणका, ताप, काखेत गाठ आणि घरात तशीच म्हैस, हे सगळं जुळतं.

फोड फोडू नका, टोचू नका. साबण-पाण्यानं धुऊन कोरडे करा आणि स्वच्छ पट्टीनं झाका. हे आपोआप बरे होतात, तीन-चार आठवडे लागतात, थोडा वण राहू शकतो. अँटिबायोटिकनं विषाणू मरत नाही. पू वाढला, लाली दंडाकडे चढायला लागली, तर वरून जिवाणूंचा संसर्ग झालाय असं समजून तेव्हा ते द्यावं लागतं. तुम्हाला दिलेलं मलम कोणतं आहे ते नीट वाचा. त्यात स्टिरॉइड असेल तर बंद करा, त्यानं असा संसर्ग पसरतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोळे. फोडाचा हात डोळ्याला लागला तर बुबुळावर जखम होऊ शकते. मुलाची नखं कापा, हनुवटीचा फोड झाका, त्याचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. माणसाकडून माणसाला हा क्वचितच जातो, तरी खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत त्याला शाळेत पाठवू नका. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, किंवा जुनाट इसब असलेलं कुणी असेल तर त्यांनी या म्हशींपासून आणि तुमच्या पट्ट्यांपासून दूरच राहावं. इसबाच्या कातडीवर हा विषाणू भराभर पसरतो.

भाजलेल्या किंवा सोललेल्या कातडीचंही तेच. 2004-05 मध्ये कराचीत भाजलेल्या रुग्णांच्या विभागांत म्हशीच्या देवीची लागण झाली होती. तिथे भाजल्यावर प्रथमोपचार म्हणून म्हशीची चरबी लावतात, त्यातून विषाणू आत आला असावा असं तपास करणाऱ्यांना वाटलं. एकदा आत आल्यावर तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेला. तेव्हा चुलीपाशी कुणाचा हात पोळला तर त्यावर साय, लोणी, चरबी काही लावायचं नाही. वाहतं गार पाणी, बस्स.

आणि हा मंकीपॉक्स नाही याची खात्री गावात करून द्यायची असेल तर फोडातल्या पाण्याची किंवा खपलीची पीसीआर तपासणी होते, त्यात विषाणू नेमका कोणता ते कळतं. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला जा, नमुना एनआयव्हीला जाऊ शकतो. केसपेपरवर "घरी म्हशीला सडावर फोड" हे वाक्य लिहून घ्या. नाही लिहिलं तर लिहायला लावा. माझ्याकडे असे हात येतात ते बहुतेक दोन-तीन ठिकाणी फिरून, नागीण म्हणून, खरूज म्हणून औषधं खाऊन. विचारलं की लगेच सांगतात, "हो, म्हशीला पण आहे की." कुणी विचारलेलंच नसतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. फोड अजिबात दुखत नाही, मधे कोळशासारखी काळी खपली आहे आणि भोवती भरपूर सूज आहे, शिवाय गोठ्यात एखादं जनावर अचानक मेलंय, तर ती काळपुळी असू शकते, म्हणजे अँथ्रॅक्स. त्याला एक दिवसही थांबायचं नाही. तुमचं तसं दिसत नाही.

मेंढका_माण

आमच्याकडं शेरडामेंढरांना मावा येतो, कोकरांच्या ओठांवर फोड. त्यांना हातानं बाटली पाजताना माझ्या बोटावर एक मोठी गाठ आली होती, महिनाभर होती. तो पण हाच रोग का? आणि मेंढ्यांच्या देवीची लस आम्ही दरवर्षी टोचून घेतो, ती म्हशींना चालंल का?

निवृत्त_पशुवैद्य_सोलापूर

दादा, मावा वेगळा. तोही देवीच्याच मोठ्या कुळातला विषाणू, पण दुसऱ्या शाखेचा. तो माणसाच्या बोटाला होतो, तुमची गाठ त्याचीच असावी. एखाद-दुसरीच येते, महिना-दीड महिन्यात आपसूक जाते. गाईच्या सडावरूनही गवळ्याला तशीच टणक, फारशी न दुखणारी गाठ होते, तो माव्याच्या विषाणूचा जवळचा नातलग. कोकरांना पाजताना आणि तोंडाला औषध लावताना हातमोजे घाला. हाताला खरचटलेलं असेल तेव्हा तर नक्कीच, कारण शिरायला त्याला तेवढी फट पुरते.

मेंढ्यांची आणि शेळ्यांची देवी माणसाला होत नाही. त्या शाखेत लम्पी येतो, म्हणून लम्पीच्या साथीत गाईंना शेळीच्या देवीची लस टोचली होती. म्हशीच्या देवीची शाखा निराळी, तिला या लशीचा उपयोग नाही. म्हशीच्या देवीसाठी बाजारात लस मिळत नाही, तेव्हा पैसे घालवू नका.

गोठा_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंच्या दंडावर खरंच वण आहे, दोन आहेत. सकाळी पशुवैद्यकीय डॉक्टर येऊन गेले, खपल्या घेतल्या, चंद्रीला दगडीची औषधं सुरू केली. आमचे हात त्यांनी बघितले आणि मोबाइलवर फोटो काढून तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवले. मलमाच्या ट्यूबवर स्टिरॉइडचं नाव निघालं, बंद केलं. उद्या सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात जातोय, पोरालाही घेऊन.

आता एकच विचारायचं राहिलं. आमच्या गल्लीत धार काढायला एक गडी येतो, तो दहा-बारा घरी जातो. तिकडच्या दोन गोठ्यांतही फोड आहेत असं आज कळलं. त्याला बंद करायचं का? त्याचं पोट त्यावरच आहे.

निवृत्त_पशुवैद्य_सोलापूर

बंद करू नका. त्याच्या हातावर फोड असतील तर ते बरे होईपर्यंत त्यानं धार काढायची नाही, आणि तेवढ्या दिवसांची मजुरी सगळ्या घरांनी वाटून द्या. एका घराला ते जड जाणार नाही. हात साफ असतील तर त्याला प्रत्येक घरी साबण, पाणी आणि वेगळं फडकं मिळेल असं करा, हातमोज्यांचं खोकं दूध संस्थेकडून मागा. त्याच्या फेरीचा क्रमही बदला: निरोगी गोठे आधी, फोड असलेली घरं शेवटी. आणि त्या दोन गोठ्यांची नावं आजच पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवा, त्यांना अख्ख्या गल्लीचा नकाशा मिळाला तर नमुने एकाच फेरीत निघतील.